अध्यक्ष महाराज आणि रात्रपाळीचा वॉचमन

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

सभेची रीत अशी, की वक्त्यानं उभं राहिल्याबरोबर 'अध्यक्ष महाराज' म्हणायचं. मी म्हणणार नाही. आज विषयच अध्यक्ष महाराजांचा आहे. अमेरिकेचा अध्यक्ष, त्याची सत्ता, त्या सत्तेची भूक, आणि ती भूक झाकायला लागणारी गुपितं. यावर तिथल्या लोकांनी जी पुस्तकं लिहिली, त्यांच्यावर मी बोलणार आहे. ज्याचा हिशेब मांडायचा त्यालाच आधी मुजरा करायचा, हे आपल्याला जमत नाही.

मी मॅट्रिक. गोदीत अंगमेहनत करतो, कविता लिहितो. ही पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. काही फूटपाथवरनं घेतली, काही लायब्ररीतनं आणली. एकेक पुस्तक म्हणजे सिमेंटची गोण. तेव्हा विद्वान म्हणून मी उभा नाही. पेटीवर काय लिहिलंय आणि पेटीत काय भरलंय, यातला फरक माल उतरवणाऱ्याला कळतो. तेवढ्याच अधिकारानं बोलतो.

कुणी म्हणेल, आपल्या वस्तीत नळाला पाणी नाही आणि हा साला निक्सनचं काय घेऊन बसलाय? त्याला माझी दोन उत्तरं आहेत. पहिलं उत्तर आपल्या नावातच आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरनं. ते नाव घेतलं तेव्हा तिकडचे पँथर कसे फोडले गेले, कुणी फोडले, हे पुरतं बाहेर यायचं होतं. ते मागाहून कागदांतनं आलं, पुस्तकांतनं आलं. ज्याचं नाव लावलं त्याचा शेवट वाचायचा नाही, हे कसं चालेल?

दुसरं उत्तर बाबासाहेबांचं आहे. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. पुढं ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि इंग्लंडची संसदीय पद्धत शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. तिथं राज्यकर्त्याचा हिशेब होतो तो मुदतीनं, निवडणूक आली की. संसदीय पद्धतीत हिशेब मुदतीनं तर होतोच, पण रोजही होतो. सभागृहात प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास मांडून. म्हणून मसुद्यानं स्थैर्यापेक्षा जबाबदारी पसंत केली.

रोजचा हिशेब. हे दोन शब्द डोक्यात ठेवा. मी वाचलेली सगळी पुस्तकं याच एका प्रश्नाभोवती फिरतात. एकदा माणूस चार वर्षांसाठी त्या खुर्चीत बसला, की मधल्या दिवसांचा हिशेब कोण घेतो?

आधी भुकेचं बोलू. रॉबर्ट कॅरो नावाच्या लेखकानं लिंडन जॉन्सन या एका माणसावर चार जाड खंड लिहिले. पहिला १९८२ साली आला, चौथा २०१२ साली. तीस वर्षं! आपल्याकडं तीस वर्षं एका माणसावर लिहितात ते आरती लिहितात. या गड्यानं पंचनामा लिहिला. जॉन्सन टेक्सासच्या कोरड्या मुलखातला, गरिबी बघितलेला. त्याला सत्ता हवी होती, आणि त्यासाठी तो काय काय करत गेला हे कॅरो एकेक कागद उलगडून दाखवतो.

दुसऱ्या खंडात १९४८ सालची सिनेटच्या उमेदवारीची निवडणूक आहे. दहा लाखांच्या आसपास मतं पडली. जॉन्सन मागं पडला होता. मग मतदानानंतर सहाव्या दिवशी ॲलिस नावाच्या गावातल्या तेरा नंबरच्या पेटीत २०२ मतं नव्यानं 'सापडली'. त्यातली २०० जॉन्सनला. मतदारांची नावं एकाच शाईत, एकाच हातानं लिहिलेली, आणि गंमत बघा, वर्णानुक्रमानं! म्हणजे मतदार घरातनं निघाले ते हजेरीपटाच्या क्रमानं रांग लावूनच. जॉन्सन जिंकला ८७ मतांनी. पुढं तो उपाध्यक्ष झाला, आणि १९६३ मध्ये केनेडीचा खून झाल्यावर अध्यक्ष.

आता इथं थांबून म्हणायचं, की माणूस चोर होता, विषय संपला? नाही. कॅरो तसं करू देत नाही, म्हणूनच त्याचं पुस्तक वाचावं. हाच जॉन्सन काँग्रेसमध्ये वीस वर्षं काळ्यांच्या हक्काच्या प्रत्येक विधेयकाविरुद्ध मत देत आला होता. आणि अध्यक्ष झाल्यावर याच जॉन्सननं १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ चा मतदानाच्या हक्काचा कायदा पास करून घेतला. दक्षिणेतल्या ज्या काळ्या माणसाला मतदानाच्या दारात परीक्षा घेऊन हाकलत होते, त्याला कायद्यानं आत घेतलं. हे खोटं नाही, छोटं तर मुळीच नाही.

मग यातनं काय घ्यायचं? आपले काही मित्र यातनं असं काढतील, की बघा, महत्त्वाकांक्षी नेता पाहिजे, थोडं इकडं तिकडं केलं तरी चालतं, शेवटी काम होतं. मी उलट वाचतो. मार्च १९६५ मध्ये सेल्मा गावच्या पुलावर काळ्या माणसांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, सगळ्या देशानं ते टीव्हीवर बघितलं, आणि आठवड्याभरात जॉन्सन त्या कायद्यासाठी काँग्रेससमोर उभा राहिला. ती लढाई उघड्यावर होती. रस्त्यावर, दिवसाढवळ्या. जिथं लोकांनी त्याला उघड्यावर ओढलं, तिथं त्याच्या भुकेचा लोकांना उपयोग झाला. जिथं तो बंद दारामागं राहिला, तिथं त्याच भुकेनं काय केलं ते व्हिएतनामला विचारा.

ऑगस्ट १९६४. टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दोनदा हल्ला झाला असं सांगून जॉन्सननं काँग्रेसकडनं युद्धाची मोकळीक मागितली. खालच्या सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. दुसरा हल्ला झालाच नव्हता. जो हल्ला झालाच नाही, त्याच्या पावतीवर युद्ध उचललं. ५८,००० हून जास्त अमेरिकन पोरं मेली. व्हिएतनामी किती मेले ते लाखांत मोजावं लागतं.

हे बाहेर आलं कसं? संरक्षण खात्यानं १९६७ साली स्वतःसाठीच या युद्धाचा गुप्त इतिहास लिहून घ्यायला सुरुवात केली होती. ४७ खंड, ७,००० पानं. ते लिहिणाऱ्यांतला एक डॅनियल एल्सबर्ग. आधी युद्धाच्या बाजूचा, सरकारी माणूस. पानं वाचून त्याचं डोकं फिरलं. १९६९ मध्ये रात्री रात्री जागून त्यानं झेरॉक्स काढल्या. जून १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं छापायला सुरुवात केली, सरकार कोर्टात गेलं आणि सुप्रीम कोर्टात ६ विरुद्ध ३ असं हरलं. एकामागं एक चार अध्यक्ष जनतेला एक सांगत होते आणि आपसात दुसरंच बोलत होते, हे त्या पानांतनं लोकांना कळलं.

आता गुपिताचं बोलू. राज्यकर्ते सांगतात, गुप्तता शत्रूपासून पाळावी लागते. बरं. मग कंबोडियाचं बघा. मार्च १९६९ पासून निक्सननं कंबोडियावर गुप्तपणे बॉम्ब टाकायला सुरुवात केली. हे चौदा महिने चाललं. विल्यम शॉक्रॉसचं 'साइडशो' नावाचं १९७९ चं पुस्तक आहे, त्यात हे सगळं आहे. यात गुपित कुणापासून होतं? ज्या शेतकऱ्याच्या डोक्यावर बॉम्ब पडत होता त्याला ठाऊक होतं. शत्रूच्या सैनिकाला ठाऊक होतं. हवाई दलाच्या कागदांवर ठिकाण दुसरंच लिहिलं जात होतं. म्हणजे टॅलीच खोटी! माल टाकला एकीकडं, पावती फाडली दुसरीकडची. ठाऊक नव्हतं ते फक्त अमेरिकन मतदाराला आणि त्यानं निवडून दिलेल्या काँग्रेसला. म्हणजे गुपित पाळलं होतं ते आपल्याच माणसापासून. जो रोजचा हिशेब मागू शकला असता, नेमका त्याच्यापासून.

१९७३ साली आर्थर श्लेसिंजर या इतिहासकाराचं 'द इम्पीरियल प्रेसिडेन्सी' हे पुस्तक आलं. मराठीत म्हणू, बादशाही अध्यक्षपद. युद्धाचा हक्क काँग्रेसकडनं हळूहळू अध्यक्षाच्या खोलीत कसा सरकला आणि 'देशाची सुरक्षा' हा शब्द त्यासाठी कसा वापरला गेला, ते त्यानं दाखवलं. पण हा श्लेसिंजर कोण? केनेडीच्या दरबारात स्वतः बसलेला माणूस. १९६५ साली केनेडीच्या कारकिर्दीवर गौरवाचं पुस्तक लिहून बक्षीस मिळवलेला. आपला माणूस गादीवर होता तेव्हा बलवान अध्यक्ष गोड लागत होता. निक्सन आला तेव्हा कडू लागला. पुस्तक खरं आहे, उपयोगाचं आहे. पण लिहिणारा कुठं बसून लिहितोय हे विचारल्याशिवाय पुस्तक उघडू नका. आपल्याकडच्या पांढरपेशांनाही हुकूमशाही दिसते ती तिचा चटका त्यांच्या अंगणापर्यंत आल्यावर.

आणि आता वॉटरगेट. १७ जून १९७२ ची रात्र. तिकडं वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत फ्रँक विल्स नावाचा काळा पोरगा रात्रपाळीला वॉचमन होता. वय २४. पगार आठवड्याला ८० डॉलर. फेरी मारताना त्याला दिसलं, की तळघराच्या दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलीय, दार लागू नये म्हणून. त्यानं ती काढली. थोड्या वेळानं परत बघतो तर पट्टी पुन्हा लावलेली. त्यानं पोलिसांना फोन केला. सहाव्या मजल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत पाच माणसं पकडली गेली.

मित्रांनो, गोदीत कंटेनरचं सील फुटलेलं पहिल्यांदा बघतो तो साहेब नसतो. साहेबाला ते दुसऱ्या दिवशी कागदावर दिसतं. फ्रँक विल्सनं सील बघितलं, आणि त्या सीलाच्या मागं अमेरिकेचा अध्यक्ष निघाला!

पुढचं तुम्ही ऐकलं असेल. नोव्हेंबर १९७२ मध्ये निक्सन पन्नासपैकी ४९ राज्यं जिंकला. इतकं जिंकणारा माणूस दुसऱ्याच्या कचेरीत माणसं का घुसवतो? त्याला भूक भागत नाही हेच उत्तर आहे. स्वतःच्या खोलीत त्यानं १९७१ पासून टेपरेकॉर्डर बसवले होते. जुलै १९७३ मध्ये ते उघड झालं. टेप मागितल्या तर देईना. एका टेपमधली साडेअठरा मिनिटं पुसलेली निघाली. २४ जुलै १९७४ ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं, टेप द्या. त्यांत सापडलं, की घुसखोरीनंतर सहाव्याच दिवशी, २३ जून १९७२ ला, हा अध्यक्ष सीआयएला पुढं करून एफबीआयचा तपास थांबवायचं ठरवत होता. ९ ऑगस्ट १९७४ ला तो पायउतार झाला. महिन्याभरात त्याच्या जागी बसलेल्या फोर्डनं त्याला माफी देऊन टाकली.

यावरचं सगळ्यांत गाजलेलं पुस्तक 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'. बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन या दोन तरुण बातमीदारांनी १९७४ मध्ये लिहिलं. वाचायला घेतलं की सोडवत नाही. दारोदार फिरून, लोकांनी तोंडावर दार आपटलं तरी पुन्हा जाऊन, त्यांनी पैशाचा माग काढला. त्यांना सलाम. पण पुस्तक सुरू होतं ते बातमीदाराच्या फोनपासून. वॉचमनच्या पट्टीला त्यात जागा थोडी. १९७६ च्या सिनेमात विल्सनं स्वतःचं काम स्वतः केलं, थोडक्यात आला नि गेला.

त्याचं पुढं काय झालं? नोकरी सुटली, धड दुसरी मिळाली नाही. १९८३ मध्ये बारा डॉलरच्या बुटांच्या चोरीवरनं त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. १९९३ मध्ये आई मेली तेव्हा पुरायला पैसे नव्हते, तिचं शरीर वैद्यकीय संशोधनासाठी द्यावं लागलं. २००० साली ५२ वर्षांचा होऊन तो मेला, गरिबीतच. निक्सननं १९७८ मध्ये आत्मचरित्र छापलं, मोठमोठी पुस्तकं लिहिली, आणि १९९४ मध्ये मेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला अमेरिकेचे पाच अध्यक्ष हजर होते. अध्यक्षाला माफी, वॉचमनला बुटांसाठी तुरुंग. न्यायाच्या तराजूबद्दल यापेक्षा मी वेगळी कविता काय लिहू?

या पुस्तकांतली आणखी एक गोष्ट सांगतो. वुडवर्डला गुपचूप माहिती देणारा एक बडा अधिकारी होता. त्याचं नाव तेहतीस वर्षं गुलदस्त्यात राहिलं. २००५ मध्ये कळलं, तो मार्क फेल्ट, एफबीआयचा दुसऱ्या नंबरचा माणूस. मे १९७२ मध्ये हूव्हर मेला तेव्हा ती खुर्ची आपल्याला मिळेल असं त्याला वाटत होतं. निक्सननं बाहेरचा माणूस आणून बसवला. त्याच्या बोलण्यात देशप्रेम किती आणि हुकलेली खुर्ची किती, यावर तिथं स्वतंत्र पुस्तकं झालीत. याच फेल्टला १९८० मध्ये कोर्टानं दोषी ठरवलं. कशासाठी? डाव्या पोरांच्या नातेवाइकांच्या, मित्रांच्या घरांत बेकायदा माणसं घुसवली म्हणून. वॉटरगेटची घुसखोरी उघडी करणारा स्वतः घुसखोरीचा हुकूम देणारा! १९८१ मध्ये रेगननं त्यालाही माफी दिली.

आणि वुडवर्ड? त्याची उमेदवारी संपली, तो मोठा झाला. अध्यक्ष त्याला स्वतः बोलवून मुलाखती देऊ लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्पनं त्याला टेपवर सांगितलं, की हा नवा विषाणू हवेतनं पसरतो आणि फ्लूपेक्षा जास्त जीवघेणा आहे. बाहेर लोकांना मात्र ट्रम्प सांगत होता, घाबरू नका, जाईल. लोकांनी हे वुडवर्डच्या तोंडून ऐकलं ते सप्टेंबर २०२० मध्ये, 'रेज' हे पुस्तक यायच्या वेळी. तोवर अमेरिकेत मेलेल्यांचा आकडा दोन लाखांच्या घरात गेला होता. वुडवर्डचं म्हणणं, मला खातरजमा करायची होती, पूर्ण चित्र द्यायचं होतं. असेल. पण पुस्तक लिहिणाराही सत्तेच्या टेबलावर जेवला की गुपित राखायला शिकतो.

छापलं म्हणजे खरं, असंही धरू नका. सेमूर हर्शनं १९८३ मध्ये किसिंजरवर 'द प्राइस ऑफ पॉवर' लिहिलं. त्यात आपले माजी पंतप्रधान मोरारजी देसाई सीआयएला माहिती पुरवत होते असा आरोप केला. माहिती देणाऱ्यांची नावं नाहीत. मोरारजी अमेरिकेच्या कोर्टात गेले, १९८९ मध्ये खटला हरले. पण तिथल्या कायद्यात हरणं म्हणजे आरोप खरा ठरणं नव्हे. मोरारजींवर आपला राग कितीही असो, पुरावा तो पुरावा. आवडत्या दुष्मनाबद्दलही निनावी साक्ष पुरेशी धरायची नाही.

त्याच किसिंजरचं आणि निक्सनचं १९७१ मधलं वागणं मात्र कागदावर आणि टेपवर आहे. गॅरी बास यांचं 'द ब्लड टेलिग्राम' हे २०१३ चं पुस्तक वाचा. पूर्व बंगालात पाकिस्तानी लष्कर माणसं कापत होतं, कोटीभर लोक जीव घेऊन भारतात येत होते. ढाक्यातला अमेरिकेचाच अधिकारी आर्चर ब्लड यानं आणि त्याच्या कचेरीतल्या वीस जणांनी ६ एप्रिल १९७१ ला वॉशिंग्टनला तार केली, की आपलं सरकार गप्प बसलंय, आम्हाला हे मान्य नाही. तिकडं गप्प बसण्याची गरज होती, कारण पाकिस्तानच्या वाटेनं किसिंजर गुपचूप चीनला जाणार होता. जुलैमध्ये तो गेला. ब्लडला तिथनं हलवलं, त्याची बढतीची वाट तुंबली. मोठ्या माणसाच्या इतिहासात नाव लागावं म्हणून लहान माणसांची प्रेतं मध्ये पडली, तर ती ओलांडून जायची. दिल्लीसकट सगळ्या राजधान्यांत हा धडा तोंडपाठ असतो.

आता आपल्या पँथरकडं येतो. हे नीट ऐका.

८ मार्च १९७१. पेनसिल्व्हेनियातलं मीडिया नावाचं छोटं गाव. त्या रात्री मोहम्मद अली आणि फ्रेझर यांची कुस्ती नव्हे, बॉक्सिंगची लढत होती, सगळा देश तिला कान लावून बसलेला. आठ जण एफबीआयच्या तिथल्या छोट्या कचेरीत शिरले. त्यात प्राध्यापक होते, टॅक्सी चालवणारा होता, पाळणाघरात काम करणारी बाई होती. कपाटं रिकामी करून सुटकेसमध्ये कागद भरले आणि वर्तमानपत्रांना पोस्टानं पाठवले. एकही पकडला गेला नाही. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये ज्या बाईच्या टेबलावर ते पाकीट आलं, त्या बेट्टी मेड्सगरनं २०१४ मध्ये 'द बर्गलरी' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांची नावं जगाला कळली.

त्या कागदांत एका चिठ्ठीवर एक शब्द होता: कॉइंटेलप्रो. त्या शब्दाच्या मागं लागून पुढं सगळं बाहेर आलं. हूव्हर ४८ वर्षं त्या खात्याचा मालक होता, आठ अध्यक्ष आले नि गेले, तो हलला नाही. त्याच्या खात्याचा हुकूम होता, की काळ्यांच्या संघटना आतून पोखरा, बदनाम करा, निकामी करा. काळ्या जनतेतनं कुणी तारणहार उभा राहू देऊ नका. मार्टिन ल्यूथर किंगचे फोन ऐकायला १९६३ मध्ये सही कुणी दिली? रॉबर्ट केनेडीनं. तेच केनेडी, ज्यांच्या तसबिरी काळ्यांच्या घरांत लागल्या. १९६४ मध्ये किंगला निनावी पत्र पाठवलं, त्याचा अर्थ लागत होता, जीव दे.

शिकागोत फ्रेड हॅम्प्टन होता. ब्लॅक पँथर. वय २१. लहान पोरांना सकाळची न्याहारी देणारा, गरीब गोऱ्यांना आणि पोर्टोरिकन पोरांना एकत्र बांधणारा. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी त्याला बिछान्यातच मारलं. पोलिसांच्या गोळ्या ८० च्या वर, पँथरची एक. घराचा नकाशा पोलिसांपर्यंत गेला होता. दिला कुणी? पँथरांचा स्वतःचा सुरक्षाप्रमुख, एफबीआयचा पगारी खबऱ्या विल्यम ओनील यानं.

आणि १९७०-७१ मध्ये ह्युई न्यूटन आणि एल्ड्रिज क्लीव्हर यांच्यात फूट पडली. एक ओकलंडला, दुसरा परागंदा होऊन अल्जीरियात. एफबीआय दोघांना खोटी पत्रं पाठवत होती. तुझ्याविरुद्ध तो बोलतो, पैसा तो खातो, तुला उडवायचा बेत आहे. १९७६ मध्ये सिनेटच्या चर्च समितीनं हे सगळं अहवालात छापलं. पत्रं खोटी होती, मान्य. पण ती लागू का पडली? कारण आत आधीच कोण मोठा याची भूक होती आणि कुणालाच कुणाचा हिशेब ठाऊक नव्हता. बाहेरच्यानं पट्टी लावली, पण दार आपलं होतं.

मित्रांनो, मी एवढे हजारो पानांचे ढीग उपसले ते हे एक वाक्य बोलायला. सत्तेचं गुपित आपल्या गुपितावर पोसलं जातं. ज्या संघटनेत पैशाचा हिशेब चार जणांच्या खिशात, निर्णय रात्री एका खोलीत, आणि नेत्याला प्रश्न विचारला की तो गद्दार, त्या संघटनेला फोडायला सीआयए लागत नाही. एक पत्र पुरतं. आपल्याकडं किती गट झाले, बोटं पुरणार नाहीत. प्रत्येक फुटीला तत्त्व होतं म्हणे. तत्त्व असतं तर ते उघड्या सभेत का मांडलं नाही?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला बजावलं होतं, धर्मात भक्ती मोक्षाची वाट असेल, राजकारणात भक्ती ही अधःपाताची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे. हे त्यांनी फक्त काँग्रेसवाल्यांना सांगितलं नव्हतं. आपल्याला पण सांगितलं होतं.

तिकडं अमेरिकेत १ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला, की अध्यक्षानं अधिकारपदाच्या मूळ कामात जे केलं त्यासाठी त्याच्यावर फौजदारी खटला नाहीच, आणि बाकीच्या सरकारी कामांतही त्याला संरक्षण आहे असं आधी धरायचं. १९७७ मध्ये निक्सन एका मुलाखतीत म्हणाला होता, अध्यक्षानं केलं की ते बेकायदा राहत नाही. तेव्हा लोक हसले होते. सत्तेचाळीस वर्षांत त्या हसण्याचा निकाल झाला. म्हणून म्हणतो, ही लढाई एकदा जिंकून संपत नाही. हिशेब रोजचाच पाहिजे.

तेव्हा ही पुस्तकं वाचा. कॅरो वाचा, श्लेसिंजर वाचा, मेड्सगर वाचा, बास वाचा. पण अध्यक्षाच्या खुर्चीमागं उभं राहून वाचू नका. वॉचमनच्या स्टुलावर बसून वाचा. प्रत्येक पुस्तकात शोधा, की पट्टी पहिल्यांदा कुणी बघितली, झेरॉक्स कुणी काढली, पाकीट पोस्टात कुणी टाकलं. ती माणसं पुस्तकात कोपऱ्यात असतात. आपण त्याच कोपऱ्यातली.

आणि वाचून झालं की आपल्या कचेरीत या. पुढच्या बैठकीला मी एक ठराव मांडणार आहे. आपल्या शाखेची वही, जमा-खर्च, वर्गणी, कुणाला काय दिलं, सगळं दर महिन्याला भिंतीवर लावायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचं. यावर रागावणारे रागावतील. रागावू द्या. त्यांना एकच विचारा, अध्यक्ष महाराज, कुलपावर ही चिकटपट्टी कुणी लावली?

जय भीम.